जितेपणी बसायला जाणारी ताई

फोन आला तेव्हा मी गॅसवर वरण ठेवून कोथिंबीर निवडत बसले होते. हिंगणघाटहून ताईच्या शेजारची संगीता बोलत होती. "मावशी, ताई गेल्या," एवढंच म्हणाली. बहीण गेल्याचं ऐकून माणूस आधी रडतं. मी आधी गॅस बंद केला आणि विचारलं, "जवळ कोणी होतं काय?" माझा आवाज भांडायला निघाल्यासारखा आला असावा, कारण संगीता घाईघाईने सांगू लागली, "होतो नं मावशी. मी होती, मंडळीतल्या दोघी होत्या. सकाळपासून धाप लागलती, डॉक्टर येऊन गेलते. ताईंचा हात माह्याच हातात होता." मग मी तिथेच ओट्याशी खाली बसले आणि रडले. आज काही आठवड्यांनी हे लिहिताना सांगायला हरकत नाही, की त्या रडण्यात दुःखाइतकीच सुटकाही होती. कुमुदताई, माझी थोरली बहीण, एके दिवशी त्या दोन खोल्यांत एकटीच मरून पडेल आणि दूधवाल्याला कळेल, या भीतीने माझी कितीतरी वर्षं खाल्ली होती. तसं झालं नाही. ती भरल्या घरातून गेली, आणि ते घर तिने कसं भरलं हे मला सांगायचं आहे.

आम्ही तिघं भावंडं केळझरची. दादा सगळ्यांत मोठा, मग ताई, मग मी. दादा गावातच राहिला, शेती बघितली, आणि देवळाची पायरी चढल्याशिवाय त्याने एकही चतुर्थी जाऊ दिली नाही. मी वर्ध्याला सरकारी कार्यालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ताई वडनेरच्या शाळेत शिक्षिका, भाऊजीही शिक्षक. दोघांनी हिंगणघाटला घर बांधलं, मागे पेरूचं झाड लावलं. मूलबाळ झालं नाही, पण त्याचं रडगाणं दोघांनी कधी गायलं नाही. भाऊजी बडबडे, ताई अबोल. घरात बोलायचं त्यांनी आणि ऐकायचं हिने, अशी कामाची वाटणीच होती म्हणा ना. निवृत्तीनंतर भाऊजी आजारी पडले, दवाखान्यात भरती करावं लागलं. एका दुपारी ताई चहा आणायला खाली गेली आणि थर्मास घेऊन वर आली, तेव्हा नर्स पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. त्यानंतर किती दिवस ती एकच वाक्य बोलायची, "नली, मी जवळ नव्हती." मी म्हणायची, अगं, चहालाच तर गेली होतीस, काशीयात्रेला नाही. तिला ते पटायचं नाही. माणूस जाताना त्याच्याजवळ कोणी नव्हतं, हा काटा तिच्या मनात रुतला तो रुतलाच.

पुढची दोन-तीन वर्षं तिने कशी काढली, ते मला फोनवरच कळायचं. घरात आवाज असावा म्हणून बातम्या लावून ठेवायची, पण विचारलं तर एक बातमी सांगता यायची नाही. भाजी दोघांच्या मापाची व्हायची आणि तीच संध्याकाळी गार खायची. बाजारात गेली की एकच भाजी घेऊन यायची. मी म्हटलं, एकदम घेऊन ठेवत जा, उन्हातान्हात हेलपाटे कशाला. तर म्हणाली, "मंग उद्या कोणाशी बोलू? भेंडीवाली तेवढी बोलते माह्याशी." हे ऐकून मला काय वाटलं ते सांगत नाही. मी तिला वर्ध्याला ये म्हणून हट्ट केला, भांडले, अबोला धरला. ती यायची, चार दिवस राहायची, आणि माझ्या घरच्या गोंगाटात अजूनच एकटी दिसायची. दादाने स्तोत्रं म्हणायला सांगितली, तिने म्हटली. "सगळं पाठ आहे नली," म्हणायची, "तोंड म्हणते. मीच तिथं नसते."

आता जे सांगते ते ताई स्वतःच हसत हसत सांगायची, म्हणून मलाही हसून सांगायची मुभा आहे. तिच्या मागच्या गल्लीत रूथबाई नावाच्या निवृत्त परिचारिका राहायच्या. त्यांच्याशी ताईची नुसती तोंडओळख होती, बाजारात दिसल्या तर मान हलवायची एवढीच. त्यांची आई फार म्हातारी. बऱ्याच दिवसांत बाहेर दिसली नव्हती, म्हणून ती अंथरुणाला खिळली असं गल्लीने ठरवून टाकलेलं. एका संध्याकाळी ताई भेंडी घेऊन परत येत होती, तर रूथबाईंच्या दारात चपलांचा ढीग, अंगणात खुर्च्या, आत सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या बाया माना खाली घालून बसलेल्या, कोणी बोलत नाही... आमच्याकडे एवढं दिसलं की कोणी विचारत बसत नाही. मयताच्या घरी काय झालं, केव्हा झालं, हे दारात उभं राहून विचारायची पद्धतच नाही. बसायला जायचं म्हणजे खरोखर नुसतं बसायचं. डोक्यावर पदर घ्यायचा, कोपऱ्यात टेकायचं, चहा पुढे आला तर नको म्हणायचं, आणि उठताना 'येते' म्हणायचं नाही, कारण अशा घरी पुन्हा येण्याची भाषा कोणी करत नाही. ताईने भेंडीची पिशवी चपलांशेजारी ठेवली, पदर घेतला आणि आत जाऊन बसली. गेली बिचारी म्हातारी, असं मनात म्हणाली.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून, भिंत धरत धरत, ती म्हातारीच बाहेर आली. रिकामी जागा नेमकी ताईशेजारी होती, तिथेच बसली. ताईला दरदरून घाम फुटला. ते मयताचं घर नव्हतं, तिथे ख्रिस्ती मंडळीची दर आठवड्याची घरगुती प्रार्थना होती, आणि ही शिक्षिकाबाई बिनबोलावता येऊन शोक करत बसली होती. उठावं, तर सगळ्यांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात एका गृहस्थांनी प्रार्थना सुरू केली. कोणाच्या मुलाच्या नोकरीसाठी, कोणाच्या गुडघ्यांसाठी, अगदी आपण शेजाऱ्याशी बोलतो तशा साध्या बोलीत. मग ते म्हणाले, प्रभू, आज जे एकटे आहेत त्यांच्याजवळ तू जाऊन बस. कोणी दवाखान्यात एकटं पडलं असेल, त्याच्याजवळ बस. ताई सांगायची की पुढचं तिला काही ऐकूच आलं नाही. देवाला कोणी बसायला पाठवतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. आणि तिच्या मनात आलं, त्या दुपारी मी चहाला गेले तेव्हा पलंगाजवळ कोणी बसलं होतं का... भाऊजी गेल्यावर ताई चारचौघांत एकदाही रडली नव्हती. त्या संध्याकाळी रडली ती थांबेचना. जिला मेली समजून ती आली होती, त्या म्हातारीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि प्रार्थना संपेपर्यंत काढला नाही.

प्रार्थना संपली तशी ताई उठली आणि सवयीने, 'येते' न म्हणताच, निघून आली. भेंडी तिथेच राहिली. सकाळी रूथबाई पिशवी घेऊन दारात. "बाई, तुम्ही काही न सांगताच गेल्या. काही दुःख आहे का?" ताईला खोटं बोलता येत नसे, तिने सगळं सांगून टाकलं. रूथबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. दुपारी त्या ताईला घरी घेऊन गेल्या आणि म्हातारीपुढे उभं केलं. आजी तर खूशच झाली. "मी मेली म्हणून आलती व्हय तू?" ताईचा हात धरून म्हणाली. "मेल्यावर नको येऊ बाप्पा. मेल्यावर त सारी गल्ली येते. आता जिती हाव, आता येत जा." ताई दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली, आणि मग दुपारचा तो तास तिचा आणि आजीचा ठरूनच गेला.

तिथून तिची श्रद्धा कशी वाढत गेली हे मी पाहिलं, पण मला ते नीट सांगता येईलच असं नाही. एकदम काही झालं नाही. ती रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाऊ लागली, शेवटच्या बाकावर बसू लागली, घरी बायबलमधलं वचन वाचू लागली. शिक्षिकाच ती, समजलं नाही की पाळकसाहेबांना भर सभेत प्रश्न विचारायची आणि त्यांना घाम फोडायची. फोनवर मात्र ती मला वेगळीच ऐकू यायला लागली. बातम्यांचा आवाज मागून येईनासा झाला. एकदा म्हणाली, "घर तेच आहे नली. तेवढंच चूपचाप आहे. पण आता मी एकटी नाई बसून राहत." मी पडले हिशेबी डोक्याची. मी म्हटलं, ताई, तुला देव नाही मिळाला, तुला शेजार मिळाला. दुपारच्या गप्पा मिळाल्या. ती रागावली नाही. म्हणाली, "शेजार त आधीपासूनच होता गं. माह्यानंच उठून जाणं होत नव्हतं. कोणीतरी हात धरून उठवलं मले." आणि मग, अगदी हळू, "नली, मी यांच्याजवळ नव्हती. पण तो होता. हे मले आता माहीत आहे." इतक्या वर्षांचा तो काटा निघाला होता. मी त्यावर वाद घातला नाही. ज्याने माझ्या बहिणीला झोप दिली त्याच्याशी माझं काय भांडण असणार.

भांडण दादाचं होतं. ताईने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं तेव्हा तिने लपवाछपवी केली नाही, स्वतः केळझरला जाऊन सांगितलं. दादा ओसरीवर उभाच राहिला. "काऊन? आपला देव कमी पडला काय तुले?" ताई म्हणाली, "देव कमी नाई पडला दादा. मी बुडून राह्यली होती, त्यानं हात देल्ला, मी धरला." दादा म्हणाला, "मंग आता थोच हात धरून राह्यजो. आमच्या दारात येऊ नको." दिवाळीत भाऊबीजेला ती तरीही आली. मीही होते. वहिनीने पाट मांडला, ताट केलं, आणि दादा मागच्या दाराने शेतात निघून गेला तो दिवे लागेपर्यंत परतलाच नाही. ताई रिकाम्या पाटासमोर बसून राहिली. मी संतापून लाल झाले होते, ती नव्हती. शेवटच्या बसची वेळ झाली तशी उठली, वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाली, "येते मी." बसमध्ये मी तिला म्हटलं, कशाला पुन्हा यायचं अशा घरात. तर म्हणाली, "तिथं कोणी मेलं नाई अजून. येते म्हणूनच निघायचं." पुढे दर वर्षी ती गेली, दर वर्षी दादा शेतात गेला.

खरी परीक्षा त्यानंतर आली. आजी गेली. रूथबाईंना त्यांच्या लेकीने नागपूरला नेलं, घर बंद झालं. मंडळीतली दोन घरं नोकऱ्यांपायी बदलून गेली. मला वाटलं, झालं, आता ताई पुन्हा त्या एका भाजीवर येणार. मी आठवडाभर राहायच्या तयारीने हिंगणघाटला गेले. ती होतीही उदास. मला म्हणाली, प्रार्थना होत नाही, शब्द सुचत नाहीत, वचन वाचते ते कागदावरच राहतं. मी म्हटलं, मग काय करतेस? मला वाटलं होतं, ती म्हणेल सोडून दिलं. ती म्हणाली, "बसते. मयताच्या घरी कुठं कोण बोलते, पण आपण बसतोच नं. त्याच्याजवळ तशीच बसते. थोही बसते." पहाटे मला जाग आली तर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाटावर बसलेली, हात मांडीवर, डोळे उघडे, तोंडाने काही नाही. माझा तो शेजाराचा सिद्धांत त्या पहाटे संपला. शेजार उठून गेला होता आणि ही जिथल्या तिथे होती. माझ्या मनावरचं मोठं ओझं तेव्हाच उतरलं. ही आता बुडायची नाही, एवढं मला कळलं होतं.

त्याच महिन्यात तिने दवाखान्यात जायला सुरुवात केली. भाऊजींनंतर त्या इमारतीसमोरून जायचं झालं तर ती रस्ता बदलायची. आता स्वतः चालत गेली. वॉर्डात ज्याच्या पलंगाशी कोणी नाही, त्याला विचारायची, "बसू काय?" हो म्हटलं तर बसायची, नाही म्हटलं तर पुढच्या पलंगाकडे. हातात पुस्तक नाही, पत्रक नाही, फळांची पिशवीसुद्धा नाही. मी म्हटलं, निदान दोन केळी तरी ने, रिकाम्या हाताने काय जातेस. ती म्हणाली, "केळं नेलं की माणूस केळ्याकडे पाहते." कोणी मागितली तरच प्रार्थना, नाहीतर नाही, हा तिचा दंडक होता. एकदा तळेगावचा एक म्हातारा होता, मुलं भरती करून गेलेली. त्याने हिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोनत्या पार्टीच्या?" ताई म्हणाली, "कोणत्याच नाई. बसाले आली." "मंग बसा," म्हातारा म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने तिला आपल्या एका बैलाची पूर्ण जीवनकथा ऐकवली. घरी येऊन ताईने मला फोन लावला तेव्हा तिचा आवाज असा काही तरतरीत होता की मला हेवाच वाटला. हळूहळू तिच्यासोबत संगीता जाऊ लागली, मंडळीतल्या दोघी जाऊ लागल्या. त्यातली बरी होऊन घरी गेलेली माणसं तिच्याकडे यायला लागली, तिची दोन खोल्यांची जागा अपुरी पडायला लागली. मी फोन केला की आता ती म्हणायची, "नली, मंग बोलू, लोक बसले आहेत."

मग वहिनी गेली, आणि वर्ष व्हायच्या आत दादा अंगणात पडला. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण तो उठला नाही तसा. मुलगा पुण्याला, सून नोकरीची. त्यांनी सांभाळायला बाई ठेवली होती, ती करायची सगळं, पण दादाजवळ बसायचं कोणी? गावात ज्याचा दरारा असतो त्याच्या खाटेशी कोणी टेकत नाही, दारातूनच विचारून जातात. ताईने एका मंगळवारी हिंगणघाटहून पहिली बस पकडली, वर्ध्याला माझ्याकडे उतरली, मला उठवलं आणि आम्ही दोघी केळझरला गेलो. दादाने तिला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "देवाधर्माचं काही काढशील त उठून जा," भिंतीलाच म्हणाला. ताई म्हणाली, "नाई काढत," आणि खाटेजवळ खुर्ची ओढून बसली. मी अर्ध्या तासात तिथे तीन कामं शोधून काढली, कपाट आवरलं, सांभाळणाऱ्या बाईला दोन सूचना दिल्या. ताई बसलेलीच. दादा भिंतीकडे, ताई दादाकडे. निघताना ती म्हणाली, "येते मी."

असे किती मंगळवार गेले मी मोजले नाहीत. कधी मी सोबत असायची, बहुतेक वेळा नसायची. उन्हाळ्यात म्हटलं, ताई, दोन-दोन बस बदलून जातेस, तो तुझ्याशी बोलत पण नाही. ती म्हणाली, "बोलत नाई, पण मी उशिरा गेली की सरिता सांगते, दाराकडे पाहून राह्यले होते." सरिता म्हणजे ती सांभाळणारी बाई. पुढे एकदा मी सोबत होते तेव्हा दादाने अचानक, भिंतीकडेच तोंड करून, विचारलं, "चहा घेतला काय?" ताईने हो म्हटलं. पुढच्या खेपेला तो कूस बदलून ताईकडे वळला. मग एकदा त्याने आपल्या आईची गोष्ट काढली, ती मोटेवर गाणं म्हणायची ती, आणि मग त्या खोलीत बोलणं सुरू झालं. भाऊबीजेला त्याला शेतात पळून जाता येणार नव्हतं, आणि मला वाटतं जायचंही नव्हतं. ताईने खाटेवरच ओवाळलं. तो म्हणाला, "इतके वर्ष तू येत राह्यली. मी नसो, तरी येत राह्यली." ताई म्हणाली, "तू घरी नव्हता, मी तरी काय करू." आम्ही तिघंही हसलो, फार दिवसांनी.

या हिवाळ्यात ताईचं हृदय थकत चालल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. ती घाबरली नाही. मंगळवार मात्र बंद झाले. आणि मग तो फोन... मला रडून झाल्यावर दुसरी धास्ती लागली, दादाची. ताईने पाळकसाहेबांना आणि मला सांगून ठेवलं होतं, तिला मंडळीच्या दफनभूमीतच ठेवायचं. आता दादा अडून बसला तर? घरातल्या लेकीला माती देणार नाही, अग्नीच देईन, म्हणाला तर? मी तरीही फोन लावला. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वाजता आहे?" मुलाच्या मित्राची गाडी करून तो आला, वॉकर घेऊन. गायन चाललं होतं तेव्हा तो कडुनिंबाखाली खुर्चीवर बसून होता. मग पाळकसाहेबांकडे पाहून म्हणाला, "मले काय करा लागते ते सांगा." त्यांनी दाखवलं. दादाने वाकून मूठभर माती घेतली, संगीताने त्याचा एक हात धरला, मंडळीतल्या एका गृहस्थांनी दुसरा, आणि त्याने ती माती टाकली. कोणाचंच काही अडलं नाही, कोणी कोणाला काही ऐकवलं नाही. ज्या दिवसाला मी इतकी वर्षं भीत होते तो दिवस असा शांतपणे पार पडला, आणि घरी येऊन मी चक्क जेवले.

गेल्या मंगळवारी मी केळझरला गेले. दादाला औषधं द्यायची होती. ताईची खुर्ची खाटेजवळ होती तशीच होती, सरिता झाडतानाही ती हलवत नाही म्हणे. मी त्या खुर्चीवर बसले. मला बसता येत नाही. थोड्या वेळाने मी औषधं लावून ठेवली, चादर सरळ केली, आणि निघायला उठले. "थांब," दादा म्हणाला. "कुमुद उठताना, 'येते'च्या आधी, काहीतरी म्हणे. तेवढं म्हणून जा."

मी म्हटलं, "ती तर तुझ्यासमोर देवाचं काही म्हणत नव्हती. तूच बजावलं होतं."

"तिले वाटे मले झोप लागली. मी डोळे मिटून पडला राहो."

"मला नाही येत दादा."

"मले येते," दादा म्हणाला. त्याने छताकडे पाहिलं आणि पाढा म्हणावा तशा आवाजात, ताईच्याच शब्दांत, म्हणायला लागला. "प्रभू, दादाच्या पायात जोर येऊ दे. त्याले झोप लागू दे. आमची नली लय धावपळ करते, तिले जरा एका जागी बसव. अन् मी नसन तवा याच्याजवळ कोणी असू दे." एवढं म्हणून तो थांबला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "याच्यावर ती आमेन म्हणे. ते मी नाई म्हणत. ते तू म्हण."

मी म्हटलं. आणि पुन्हा खुर्चीवर बसले.